पळसाच्या देठांचा माणूस

अहो,

वर काय लिहायचं यावर मघापासून अडले आहे. जिवंत माणसाला लिहितात तसं लिहावं, तर परवा मुठेच्या काठी तुम्हाला अग्नी दिला. गेलेल्या माणसाला लिहितात तसं लिहावं, तर आज दुपारी इमामभाईंनी जे सांगितलं ते कानातून जात नाही. शेवटी जन्मभर जी हाक मारली तीच लिहून टाकली.

इमामभाई म्हणजे आपल्या दारावरचे प्यादे. तुम्हाला ते कसे ठाऊक असणार? की आहेत ठाऊक? ते म्हणतात, तुम्ही त्यांच्याशी बोललात. आपल्याच घराच्या मागच्या भिंतीशी उभे राहून बोललात आणि निघून गेलात. मी तेव्हा आत भाकरी थापत असेन.

इतकी वर्षं एक पत्र का लिहिलं नाहीस, असं विचाराल. जिवंत माणसाला पत्र धाडायचं तर जासुदाच्या हाती द्यावं लागतं, आणि जासूद सरकारचा. तो कुठे जातो त्यावरून तुमचा माग लागला असता. गेलेल्या माणसाचं पत्र कोणी फोडत नाही. तुम्ही आता सरकारदरबारी मेलेले आहात, तेव्हा निर्धास्त लिहिते. अक्षर वाईट आलं आहे. पंतोजींच्या मुलीला शोभत नाही, पण इतक्या वर्षांत लेखणी धरली कुठे?

दहाव्या दिवशी न्हावी येणार आहे. त्याच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवायची मला सवय नाही. तुम्ही जिवंत असाल, हे न्यायाधीशांना जाऊन सांगायचं, की गिळून टाकायचं? सांगितलं तर माझं कुंकू राहतं आणि तुम्ही पुन्हा पळपुटे ठरता. गिळलं तर तुम्ही रणात पडलेले शिलेदार आणि मी बोडकी. पुण्यात एवढे शास्त्री आहेत, पण हे विचारू कोणाला?

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला यातलं अर्धंच माहीत आहे.

दसरा झाला आणि पथक उत्तरेला निघालं, त्या दिवशी विनू तुमच्या जोड्यात पाय घालून ओसरीभर फिरत होता. सगळी मंडळी पुढच्या दाराशी होती. तुम्ही मात्र मागल्या अंगणात तुळशीपाशी आलात आणि म्हणालात, परत येईन तेव्हा मागच्या गल्लीनं येईन, तुळशीपुढचा दिवा दिसला की समजेन घरी सगळं ठीक आहे. मी म्हटलं, पुढचं दार काय लोकांसाठी आहे? तुम्ही म्हणालात, हो, पुढे लोक ओवाळायला उभे असतात, मला आधी तू हवीस. आख्ख्या संसारात तुम्ही माझ्याशी याहून गोड काही बोललेलं मला आठवत नाही. आणि तेही जाताना!

तुमचा तांबडा आठवतो? काय विचारते मी. घोडा कोण विसरतं, बायको एकवेळ विसरेल.

मोकळ्या दिवशी तुम्ही त्याला बिबवेवाडीच्या माळावर रपेटीला न्यायचात. परतताना कोणाशी गप्पांत रमलात की खाली उतरायचात, लगाम त्याच्या पायात येऊ नये म्हणून खोगिराच्या पुढच्या उंचवट्याला नीट गुंडाळायचात, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून नुसतं ‘घरी’ म्हणायचात. तो एकटा निघायचा. सगळ्या पेठा ओलांडून शनिवारात आपल्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि पुढच्या पायानं फरशी खरवडायचा. मागून तुम्ही पायी, उपरण्यात करवंदं बांधून. विनू घोडा बघून ‘बाबा आले’ म्हणून नाचायचा आणि मी त्याला सांगायची, तांबडा आलाय, बाबा मागून येतायत. आपल्या घरात रिकामा घोडा आला की त्याचा अर्थ हा एवढाच होता.

पुढच्या उन्हाळ्यात पथक परतलं. तुम्ही नव्हता.

पथकाचे कारभारी ओसरीवर बसून मामंजींना सांगत होते आणि मी दाराआड उभी होते. नदीच्या उतारावर काही स्वार चौकीला ठेवले होते, त्यांत तुम्ही. धुक्याची सकाळ. शत्रू पाणी उतरून आला आणि चौकीवरचे सगळे कापले गेले. त्यांची प्रेतं सापडली, तुमचं सापडलं नाही. तांबडा तेवढा एकटा छावणीत आला, अंगावर ओरखडासुद्धा नाही, आणि लगाम खोगिराला नीट गुंडाळलेला.

मारल्या गेलेल्या स्वाराचा लगाम खाली लोंबतो, कारभारी म्हणाले. गुंडाळलेला लगाम म्हणजे स्वार आपण होऊन उतरला. उतरला आणि पायी झाडीत शिरला, कारण घोड्यावरचा माणूस लांबून दिसतो आणि पायी माणूस लपतो. केशवराव चौकी सोडून पळाले.

मामंजींनी मान खाली घातली ती त्यांच्या शेवटापर्यंत वर केली नाही. मला तिथेच पुढे होऊन सांगता आलं असतं. अहो, तो लगाम पळण्याचा नाही, तो घोडा घरी पाठवण्याचा आहे. पुढे घोडा आणि मागे तुम्ही, ही तुमची पद्धत आहे. ओठांवर आलं होतं. पण मग लक्षात आलं, घोडा पाठवून तुम्ही मागे थांबलात असं म्हटलं तर तुम्ही त्या उतारावर मेलात. पळालात म्हटलं तर कुठेतरी जिवंत आहात. त्या घटकेला मला पळालेले तुम्ही बरे वाटलात. मी गप्प बसले. कोणती बाई बसली नसती, ते मला सांगा.

शास्त्र्यांनी सांगितलं, प्रेत नाही आणि आरोपीही हजर नाही, तेव्हा बारा वर्षं वाट पाहावी. आला तर न्याय होईल, न आला तर मेला असं धरता येईल. तोवर आपलं घर जप्तही नाही आणि मोकळंही नाही. दाराशी मोहसल बसवला. मोहसल म्हणजे काय ते तुम्ही दुसऱ्यांच्या दाराशी पाहिलं असेल, मी आपल्या दाराशी पाहिलं. सरकारचा प्यादा बसतो, गुन्हेगार आला की धरतो, आणि तोवर त्याचा शिधा त्याच घरानं द्यायचा. तुम्हाला बेड्या घालायला बसलेल्या माणसाला रोज सकाळी तांदूळ-डाळ काढून देत होते मी. असा कारभार सुचायला डोकं लागतं.

ते इमामभाई. कुंभारवेशीजवळ राहणारे, गुडघे तेव्हाच दुखायला लागलेले. परसातल्या कडुलिंबाखाली तीन दगड मांडून आपलं आपण शिजवायचे. पहिलं वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही, शिधा पायरीवर ठेवून आत यायची. मग विनूला देवी आल्या आणि ते तापलेलं पोर रात्रंदिवस कण्हत होतं, तेव्हा हा माणूस दारातून हलला नाही. घरी बायको आजारी होती तरी गेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, चौकी सोडली असं माझ्याबद्दल कोणी म्हणायला नको, वहिनी. बोलून गेले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी शिध्यात गुळाचा खडा घालायला लागले.

विनूला दांडपट्ट्याचे हात त्यांनीच शिकवले. दर दसऱ्याला ते कचेरीत जाऊन सांगून यायचे, अद्याप आला नाही. सरकार बहुधा त्यांना विसरलंच होतं. पण हुकूम होता, म्हणून ते बसले होते.

आता दिव्याचं सांगते. हेच सांगताना अडखळायला होतं.

मोहसल बसला त्या संध्याकाळपासून मी तुळशीपुढे दिवा लावला नाही. तुम्ही म्हणाला होतात ना, दिवा दिसला की समजेन सगळं ठीक आहे? मी म्हटलं, ठीक नाही हे तुम्हाला गल्लीच्या तोंडाशीच कळू दे. अंधार बघाल, चमकाल, आणि आल्या पावली परत जाल. बेडी घालून किल्ल्याच्या अंधारकोठडीत टाकण्यापेक्षा कुठेही राहा. रोज तिन्हीसांजेला मी वात वळायची, तेलात भिजवायची आणि तशीच कोनाड्यात ठेवून द्यायची. मग भाकऱ्या आटोपल्या की मागच्या दाराआड बसून गल्लीचा कानोसा घेत राहायची.

काय काय ऐकू यायचं मला! टापा यायच्या. लांबून यायच्या, आपल्या भिंतीशी येऊन थांबायच्या, आणि फरशी खरवडल्याचा आवाज यायचा. मी उठून पाहायची तर गल्ली मोकळी. विनू मोठा झाल्यावर मला हाताला धरून आत न्यायचा आणि म्हणायचा, आई, घोडा नाहीये. मी म्हणायची, माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. अजूनही येतात त्या टापा. आत्ता लिहिते आहे तेव्हाही येतायत.

शेजारच्या गोदाकाकू एकदा भिंतीवरून म्हणाल्या, “सवाष्ण बाई घरात आणि तुळस काळोखात? असा काळोख बाई गेलेल्या घरी असतो हो.” मी म्हटलं, तेल परवडत नाही. त्या म्हणाल्या, कुंकू परवडतं वाटतं. पेठेत जीभ कधी बोथट होत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांचं ते बोलणं मी कानाआड केलं. करायला नको होतं.

विनूला पोरं पळपुट्याचा म्हणायची. मोठी माणसं तसं म्हणत नसत, ती अदबीनं चौकशी करायची. काय, रावसाहेब पोचले का कुठे, की अजून पळतायत? एकदा पोर ओठ फोडून घरी आलं. मी हळद लावत होते, तर शांतपणे म्हणाला, “बाबा मेले असते तर बरं झालं असतं, नाही?” मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याला जवळ घेतलं, आणि मागच्या दाराशी जाऊन तोच प्रश्न घेऊन बसले.

त्याला तुमच्यासारखंच स्वार व्हायचं आहे. दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरतच नाही, लहानपणी मी लेखणी हातात दिली तर तिचा भाला करायचा. पण चौकी सोडलेल्याच्या मुलाला कोणतं पथक घेणार? आणि मुलगी तरी कोण देणार?

या वर्षी बारा वर्षं सरली आणि न्यायाधीशांचं बोलावणं आलं. एकतर तुम्ही मेलात असं ठरायचं, नाहीतर पळालात असं. पळालात असं ठरलं की घर सरकारजमा.

मी गेले. पडद्याआड बसले, पण गेले. पहिलाच प्रश्न आला, नवऱ्याचं नाव? विनू पुढे झाला, आई नाव घेत नाही, मी सांगतो म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, “साक्ष बाईंची आहे. नाव त्यांनीच घ्यावं.” मी तुमचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा, आणि तेही तुम्ही मेलात हे पटवून द्यायला. उखाण्यात निदान लोक हसतात तरी.

मग हातात बेलभंडारा दिला आणि मी शपथेवर बिबवेवाडीच्या माळाचं सांगितलं. लगाम कसा गुंडाळायचात, थाप कशी मारायचात, करवंदंसुद्धा सांगितली. न्यायाधीशांनी विचारलं, हे बारा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. ते खरंच होतं, पूर्ण नसलं तरी. तेवढ्यात पथकातले एक म्हातारे राऊत उठले. म्हणाले, “त्यो घोडा मोकळा आला म्हणून छावणी जागी झाली, सरकार. न्हाई तर आमी पांघरुणातच कापलो गेलो असतो.” त्यांनाही बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

निवाडा झाला. केशवराव चौकीवर लढताना कामी आले. घोडा त्यांनी सावध करायला पाठवला. मुलाला पथकात घ्यावं, मोहसल उठवावा, आणि घरच्यांनी उत्तरक्रिया करावी. विनू सभेतच ढसाढसा रडला. मी नाही रडले. मला सारखं वाटत होतं, मी जे सांगितलं ते मला खरं व्हायला हवं होतं म्हणून तर सांगितलं नाही? खरोखर काय झालं त्या धुक्यात? घोडा तुम्ही पाठवलात, की टाकलात?

निघताना माझ्या तोंडून गेलं, “आणि ते परत आले तर?”

सभेत हशा पिकला. पण शास्त्रीबोवा हसले नाहीत. म्हणाले, “त्याची सोय आहे, बाई. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला तुपाच्या कुंभात बसवून बाहेर काढतात, आईच्या पोटातून काढल्यासारखा. मग त्याचं बारसं, मुंज, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न.”

“आणि जुना गुन्हा?”

“गुन्हा मेलेल्याचा. नुकत्या जन्मलेल्या बालकाला कसला गुन्हा?”

तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. तूप कुठून आणणार एवढं, असा काहीतरी विचार मनात आला इतकंच.

प्रेत नसलं की पुतळा करून जाळतात, म्हणून परवा गुरुजींनी अंगणात हरणाचं कातडं पसरलं आणि त्यावर तुम्हाला मांडायला घेतलं. वर्षाच्या दिवसांइतके पळसाचे देठ, डोक्याच्या जागी नारळ, दर्भानं बांधलेले हात, वरून जवाच्या पिठाचा लेप. मी म्हटलं, गुरुजी, ते याहून उंच होते. गुरुजी म्हणाले, शास्त्रात उंची दिलेली नाही. बरोबर आहे, शास्त्रकारांनी तुम्हाला कुठे पाहिलं होतं? आपल्या दाराच्या चौकटीला तुमचं कपाळ किती वेळा लागलं ते मला विचारा.

गुरुजी पाणी प्यायला उठले तेव्हा मी एक केलं. डाव्या पायाची करंगळी तुम्हाला नव्हती, तांबड्याच्या टापेखाली गेलेली. त्या पायाचा शेवटचा देठ मी टोकाशी मोडून घेतला आणि पदरात लपवला. दुसऱ्याच कोणाला अग्नी द्यायचा नव्हता मला. द्यायचा तर तुम्हालाच. मग माझ्या बांगड्या फुटल्या, विनूनं तुम्हाला उचललं. नदीवर न्यायला चार माणसंही लागली नाहीत, इतके हलके होता तुम्ही. मी अंगणातला पाला झाडून काढला.

आणि आज दुपारी इमामभाईंना उठायचा हुकूम आला. त्यांनी घोंगडी झटकून घडी घातली, चुलीचे तिन्ही दगड भिंतीशी लावून ठेवले आणि मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, आता मी कोणाचा चाकर नाही. एक बोलायचं राहिलंय.”

विनूची मुंज झाली त्याच्या पुढल्या पावसाळ्यात, दिवेलागणीला, मागच्या गल्लीत एक बैरागी येऊन उभा राहिला. जटा, दाढी, अंगावर भगवी चिंधी. भिक्षा मागेना. तुळशीवृंदावनाकडे बघत नुसता उभा. इमामभाईंना वाटलं वेडा आहे, हाकलावा. मग त्यांचं लक्ष पायांकडे गेलं. डाव्या पायाला करंगळी नव्हती. हुकमात तुमच्या खुणा होत्या, त्यांत ही होती.

“माझा हात भाल्यावर गेला, वहिनी. खोटं नाही बोलत. तेवढ्यात पोरगं अंगणात पट्टा फिरवायला आलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग मला विचारलं, या घरी दिवा लावणारी कोणी उरली नाही का?”

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

“नाही म्हटलं. वाटलं, नाही म्हटलं की जाईल. हो म्हटलं असतं तर आत आला असता, आणि आत आला असता तर मला हात टाकावा लागला असता. तुमच्या डोळ्यांदेखत.”

बघा हो, काय झालं ते. मी तुम्हाला वाचवायला दिवा विझवला. त्यांनी तुम्हाला वाचवायला मला मारलं. आणि तुम्ही आम्हा दोघांवर विश्वास ठेवलात! गोदाकाकू सांगत होत्या, असा काळोख बाई गेलेल्या घरी असतो. आख्ख्या पेठेला त्या काळोखाचा अर्थ कळत होता, मला एकटीलाच मी नेमलेला अर्थ दिसत होता. तुमच्यासारखा माणूस संकट बघून परतणारा नव्हे, हे तरी मला कळायला हवं होतं. तुम्ही परतलात ते संकटाला भिऊन नाही, घरात कोणी नाही म्हणून.

इमामभाई जायला वळले, मग पुन्हा थांबले. “जाताना एक विचारलं त्यानं. मला अर्थ लागला नाही, म्हणून ध्यानात राहिलं. म्हणाला, घोडा पोचला होता का?”

“मग?”

“पोचला म्हटलं. हसला. पहिल्यांदाच हसला. आणि गेला.”

त्यानंतर मी वृंदावनाच्या कट्ट्यावर येऊन बसले. घोडा टाकून पळालेला माणूस इतक्या वर्षांनी घोडा पोचला का म्हणून विचारत नाही. तुम्ही पाठवला होतात. मी शपथेवर खरंच बोलले होते, आणि खरं आहे हे मला निवाड्यानंतर, अग्नी दिल्यानंतर, बांगड्या फुटल्यावर कळलं.

मला तुमचा राग आला आहे. येऊ नये? एक हाक मारता आली नाही? बायको मेली हे प्याद्याच्या तोंडून ऐकलंत आणि मान हलवून चालू लागलात? कशी मेली, कधी मेली, एवढं तरी विचारायचंत! आणि पथकाकडे का नाही गेलात? जखमी होतात? कोणी उचलून नेलं होतं? रस्त्यात कुठे ऐकलंत का, की केशवराव पळाले म्हणतात, आणि नेहमीसारखे अडून बसलात? कोणी दोष दिला की तोंड मिटून घ्यायचं, मी असला माणूस नाही एवढंसुद्धा सांगायचं नाही, ही तुमची जुनी खोड. तिच्यापायी मी किती वेळा जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं आहे.

इमामभाईंचा राग आला नाही. येईना. शेवटचा शिधा बांधून दिला, गूळ जरा जास्त घातला. ते म्हणाले, हे न्यायाधीशांना सांगायचं तर सांगा वहिनी, मी शिक्षा भोगीन. त्यांचे गुडघे आता मांडीसुद्धा घालू देत नाहीत. त्यांना शिक्षा?

विनूला मी सांगितलेलं नाही. तो पागेत जाऊन आला, सुतक फिटलं की त्याला घोडा बघून देणार आहेत. आज पेठेतून ताठ मानेनं गेला. वाटेत कोणी चौकशी केली नाही म्हणे.

तर मी ठरवलं आहे. तुमची वाट न बघता ठरवलं, रागावू नका.

मी न्यायाधीशांकडे जाणार नाही. न्हावी येऊ दे. तुम्ही जिवंत आहात असं मी म्हटलं, की जिवंत केशवरावांच्या मागे पुन्हा हुकूम लागेल, दाराशी पुन्हा कोणीतरी बसेल, आणि तो इमामभाई नसेल. तुम्ही मेलात, म्हणून तुम्ही मोकळे झालात. मेलेल्याला कोणी धरत नाही. परत आलेल्याला तुपात बसवतात आणि तो नुकता जन्मलेला होतो, हे भर सभेत शास्त्रीबोवांनी सांगितलं आहे, हसणारे सगळे साक्षीला आहेत. तुम्हाला घरी आणायची दुसरी वाट नव्हती हो. केसांचं काय घेऊन बसलात, केस वाढतात.

गेलेल्या माणसासाठी दहा दिवस दिवा तेवत ठेवतात. तो मी घरात ठेवला नाही, तुळशीपुढे ठेवला आहे. गोदाकाकू भिंतीवरून बघत होत्या. आज काही बोलल्या नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत उजेड जातो, मी जाऊन पाहून आले.

तुम्हाला शब्द देते. दहा दिवस सरले तरी हा दिवा मी विझू देणार नाही. रोज तिन्हीसांजेला लावीन, आणि मी उरले नाही तर विनूची बायको लावील, तिला ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवीन. मागच्या दाराची कडी उघडी राहील. तो मोडलेला देठ दिव्याच्या कोनाड्यात ठेवला आहे, तुमचा आहे, येऊन घेऊन जा. आणि आजपासून एक मडकं वेगळं काढलं आहे, रोजच्या लोण्यातलं थोडं थोडं कढवून त्यात घालीन. तुम्ही उंच आहात, वेळ लागेल. लागू दे.

घोडा पोचला. कधीचाच पोचला. आपल्या घरात रिकामा घोडा आला की मी विनूला काय सांगायची, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेच अजून सांगते.

नावाआधी सौभाग्यवती लावायचं की गंगाभागीरथी, ते तुम्ही आलात की ठरवू. तोवर नुसतीच,

राधा